नावाआधीचे ‘मिस्टर’

माझा पुतण्या इंग्लंडमध्ये शल्यविशारद आहे. बहिणीच्या लग्नाच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेसाठी त्याने आपले नाव कळविले. नावाआधी ‘मिस्टर’, नावानंतर ‘एफ.आर.सी.एस.’. ते वाचून माझे थोरले बंधू दुखावले. कापडाच्या दुकानात उभे राहून त्यांनी मुलाला डॉक्टर केले होते. त्यांनी स्वहस्ते ‘मिस्टर’ खोडून ‘डॉ.’ केले आणि शेवटी ‘एम.बी.बी.एस.’ही जोडले.

आयुष्यभर इंग्रजी शिकविल्यामुळे मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी म्हणालो, “दादा, इंग्रजीत नावाआधी ‘डॉ.’ लिहिले की नावानंतर वैद्यकीची पदवी सहसा लिहीत नाहीत. एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे होते. आणि हे ‘मिस्टर’ म्हणजे उणेपणा नव्हे. पूर्वी तिकडे शल्यवैद्य विद्यापीठात नव्हे, तर गुरूच्या हाताखाली उमेदवारी करून तयार होत. म्हणून त्यांना डॉक्टर म्हणत नसत. आता ते आधी डॉक्टरच होतात. पण रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची परीक्षा उत्तीर्ण झाले की अभिमानाने पुन्हा ‘मिस्टर’ होतात.”

दादा बराच वेळ गप्प राहिले. काकांच्या दुकानात त्यांनीही उमेदवारीच केली होती. शाळा सातवीतच सुटली होती.

“म्हणजे तोही मिस्टर आणि मीही मिस्टर?”

“होय.”

त्यांनी लेखणी घेतली आणि आपणच लिहिलेले ‘डॉ.’ खोडले.