बुजरी मनी

आमच्या घरी मुलांचा गलबला फार. त्यामुळे अडगळीच्या खोलीत आश्रयास आलेली मनी कोणाच्या दृष्टीसही पडत नसे. मी रोज ठराविक वेळी दूधभात ठेवून दूर जमिनीवर बसे. हात मात्र पुढे करीत नसे. रोखून पाहिलेले मांजरास खपत नाही. म्हणून तिच्याकडे पाहताना डोळे सावकाश मिटून उघडीत असे. या खुणेस मांजरे तसाच प्रतिसाद देतात, हे इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रयोगाने दाखविले आहे. महिन्याभराने मनीनेही डोळे मिटले. आणि पुढे एके दिवशी आपले पिलू तोंडात धरून आणून तिने माझ्या पदरापाशी ठेवले! घरात नवी सून येते, तेव्हा जावांना मी हेच सांगते: माया लावण्याची घाई नको, आधी भीतीचे कारण दूर करावे, विश्वास मग आपल्या पावलांनी येतो.