किरणोत्सव, एक्सेल आणि आम्ही दोघं

लग्न होऊन सहा महिने झाले. त्यात एकत्र काढलेले दिवस मोजले (खरंच मोजले, सवय आहे!) तर एकोणसाठ निघाले. कारण सरळ आहे. मी पुण्यात हिंजवडीला, बायको कोल्हापुरात. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस पकडायची, शनिवारी पहाटे डोळे चोळत उतरायचं आणि रविवारी रात्री परत. सासुरवाडीत दर आठवड्याला जाणारा जावई म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. सासरे अजून मला 'पावणं' म्हणतात आणि सासूबाईंनी सहा महिन्यांत एका रविवारी तांबडा-पांढरा चुकू दिलेला नाही. माझं वजन चार किलोंनी वाढलंय. असो.

तर परवाच्या शनिवारी आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं, म्हणजे आवाज न चढवता झालेलं, जास्त वाईट. कारण माझी एक्सेल शीट. 'पुणे की कोल्हापूर' असा निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नाही म्हणून मी निकष काढले होते, प्रत्येकाला शंभरपैकी वजन दिलं होतं. पगार तीस, घरभाडं वीस, ट्रॅफिक पंधरा वगैरे. माझा लॅपटॉप उघडा होता, तिने बघितलं.

"माझ्या नोकरीला दहा? आणि ट्रॅफिकला पंधरा?"

ती ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढून आत्ता कुठे कायम झालीय. पुण्यात यायचं तर हे सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. हे मला माहीत होतं. तरी दहा दिले होते. का दिले, याचं उत्तर तेव्हाही नव्हतं आणि आत्ता लिहितानाही धड देता येत नाहीये.

रविवारी सकाळी सहाला तिने उठवलं. "चल, गाडी काढ." गाडी म्हणजे तिची ॲक्टिव्हा. चालवते तीच, मी मागे. पन्हाळा कोल्हापूरपासून वीस-एक किलोमीटर. नोव्हेंबरातली थंडी नुकती पडायला लागलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि एका वळणावर गुऱ्हाळाचा तो गोड, जरासा करपट वास. बोलणं शून्य. मला वाटलं तीन दरवाजा, सज्जाकोठी असं नेहमीचं दाखवणार. पण गाडी थांबलीच नाही, थेट मसाई पठारावर.

ज्यांनी हे पठार पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पन्हाळ्याच्या पलीकडे सपाट, लांबच लांब माळ. महाराज १६६०च्या जुलैत पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे गेले, ती वाट इथूनच जाते. अजूनही दर पावसाळ्यात लोक पावनखिंडीपर्यंत चालत जातात. सप्टेंबरात इथे रानफुलांचे गालिचे असतात. आम्ही गेलो तेव्हा फुलं संपलेली, गवत वाळून सोनेरी झालेलं. बाकी वारा.

"इथे बघायला काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणून तर आणलं."

दीड तास बसलो. थर्मासमधला चहा. मोबाईलला रेंज नव्हती, आणि पहिली वीस मिनिटं मी दर दोन मिनिटांनी खिशात हात घालत होतो हे तिनेच दाखवून दिलं. एक घार बराच वेळ पंख न हलवता वर तरंगत होती. ती कशी तरंगते, दरीतून वर चढणारी हवा वगैरे, हे ती सांगायला लागली आणि मग मध्येच थांबली. "वर्गात नाही आपण," म्हणाली. मी म्हटलं, सांग की. तेवढ्यावर बर्फ जरासा वितळला. येताना पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, खर्डा आणि दही हाणलं. (तांबडा-पांढरा घरी वाट बघत होताच, पण ते आम्ही दोघांनी एकमेकांत ठेवलं.)

त्या दिवशी ९ नोव्हेंबर, म्हणजे अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाचा पहिला दिवस. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात, कासव चौक, पितळी उंबरठा ओलांडत गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी परंपरा. तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. दर वेळी हे जमतंच असं नाही. कधी ढग, कधी हवेतली आर्द्रता आणि धूळ, कधी वाटेत आलेल्या इमारती.

दुपारी मी तिला विचारलं, याच तारखा का? ती हसली. "तू काढ."

काढलं. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर एक्केचाळीस दिवस. तिथून १ फेब्रुवारी बेचाळीस दिवस. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना एकाच जागेवरून मावळतो, खऱ्या पश्चिमेच्या साधारण १७-१८ अंश दक्षिणेला! आणि सूर्य जितका खाली, तितका किरण आडवा, म्हणून प्रकाश आधी जमिनीवर आणि मग वर चढत जातो. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांच्याकडे ना एक्सेल होतं ना मीटिंग्ज. मी हे तिला भारावून सांगितलं. ती म्हणाली, "सातपैकी सहा मार्क." एक कशाला कापला ते अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाचला महाद्वार रोडवर पोचलो तर ही गर्दी! आत शिरणं अशक्य. माझा मूडच गेला, एवढं गणित करून उपयोग काय. तिने काही न बोलता गाडी वळवली ती रंकाळ्यावर. कठड्यावर जागा मिळाली. समोर पाणी, पलीकडे झाडांची काळी रेघ आणि तिच्यामागे तोच सूर्य, लालभडक. पाण्यावरून त्याची एक पट्टी थेट आमच्या पायांपर्यंत आली होती.

"आपल्यालापण पहिल्या दिवशी चरणच," ती म्हणाली.

मी हसलो आणि त्याच दमात सॉरी म्हणालो. दहाबद्दल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी पुण्याला येणारच नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. पण तू मला विचारलं कुठे? तू आकडा घातलास." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सूर्य सहाच्या सुमाराला गेला. देवळात किरणं कुठपर्यंत पोचली असतील याची चर्चा शेजारच्या दोन आज्या करत होत्या, आम्ही ती ऐकत बसलो.

परत येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हशी तिथेच उभ्या, समोर धार काढून फेसाळ, कोमट ग्लास हातात. नाशिकच्या माणसाला हे अजून जरा भीतीदायकच वाटतं. ग्लास पुढे करणारे मामा म्हणाले, "घ्या दाजी, एका दमात!" आणि ती माझ्या मिशीवरचा फेस बघून जी हसली, ती दोन दिवसांतली पहिली हसली.

रात्री बसमध्ये कऱ्हाडच्या पुढे शीट उघडली. दहाचे तीस केले. मग बेरीज शंभर व्हायला वीस कुठून तरी काढायला हवेत. पगारातून काढले तर उत्तर कोल्हापूर, भाड्यातून काढले तर पुणे. तीनदा करून बघितलं आणि लॅपटॉप मिटला. ३१ जानेवारी शनिवारी येतोय, मुखावर किरणं पडतात तो २ फेब्रुवारी मात्र सोमवार. त्या सोमवारची रजा बसमधूनच टाकलीय. मॅनेजरने अजून मंजूर केलेली नाही.