कामठा

पॉवरलूमची रात्रपाळी संपली तरी कानातली खटखट थांबत नाही. अशाच एका सकाळी मोसम नदीच्या काठाकाठानं भिल्लवस्तीत गेलो. नाना बांबूचा कामठा तासत बसले होते.

बाहेरची साल त्यांनी शाबूत ठेवलेली. ‘‘सालीला धार लावायची नाय. ताण तीच झेलती.’’ फक्त आतलं अंग कोयत्यानं खरवडायचं, वाकवून बघायचं, पुन्हा खरवडायचं. दोरीसुद्धा बांबूच्याच सालपटाची.

वरची बाजू जास्त वाकत होती. मी विचारलं, ‘‘नाना, हिला तासू का?’’

‘‘वाकतीय तिलाच तासशील तर मोडंल, पोरा. ताठ हाय ती तास. दोन्ही सारख्या वाकल्या का झाला कामठा.’’

मी गप्प झालो. या देशात हजारो वर्षं वाकलेल्यालाच तासत आलेत. त्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला, आणि त्याला गुरुदक्षिणा म्हणाले! तरी 1858 साली आंबापाणीला खाज्या नाईकाचे भिल्ल इंग्रजांच्या बंदुकांपुढं उभे राहिलेच.

तुटल्या धाग्याला मी रोज अंगठ्यानं गाठ मारतो. त्याच हातानं दोरी ओढली. पहिला तीर वाया गेला.

नाना म्हणाले, ‘‘दुसरा घे.’’