बारुदीचा वेग

आमच्या शिरपूरकडे गावठी कट्टा पकडल्याची बातमी नवी नाही. मध्य प्रदेश सीमेवरचं उमर्टी त्यासाठीच बदनाम. मला मात्र कट्ट्यापेक्षा काडतुसातल्या बारुदीचं कुतूहल जास्त.

1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएयनं बनवलेली बिनधुराची बारूद मोकळ्यावर नुसती जळते. कोंडली की दाब वाढतो, आणि दाबानं ती आणखी वेगात जळते. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून लवकर जळणारी बारूद हवी. फारच लवकर जळली, तर नळी फुटते. भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत हा दाब यंत्रावर मोजतात.

कट्ट्याची नळी तो सोसेल का, हे कुणीच मोजलेलं नसतं. आम्ही कोड टेस्ट करूनच पुढे पाठवतो. कट्ट्याची टेस्ट होते धरणाऱ्याच्या हातात. अन् बातमीतली पोरं माझ्याच वयाची असतात.