कलमाचा चाकू

मराठीत ‘कलम’ हा एकच शब्द तीन घरी नांदतो. दफ्तरात तो लेखणी असतो, कायद्याच्या पुस्तकात तो अंकित परिच्छेद असतो, आणि कोकणातल्या बागेत तो एका झाडाच्या अंगी दुसऱ्या झाडाची काडी जुळवण्याचा व्यवहार असतो. लेखणी आणि बाग ह्या दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर एक लहानसा चाकू उभा असे, हे आता फारसे कोणाच्या ध्यानी नाही. बोरू तासल्यावाचून अक्षराला वळण येत नसे. त्या कामाच्या चाकूला फारसीत ‘कलमतराश’ असे नाव होते. आणि काडी तासल्यावाचून हापूसचे हापूसपण रायवळ आंब्याच्या रोपावर उतरत नाही. बोरू गेला, त्याचा चाकूही गेला. आंब्याचा चाकू मात्र अजून टिकून आहे.

बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीच्या तेराव्या मजल्यावर असे दोन चाकू एकाच टेबलावर आले. एक मुलाचा, एक वडिलांचा. मुलगा जवळच्याच एका संगणक-कंपनीत नोकरीला; वडील रत्नागिरीकडे उभे आयुष्य आंब्याची कलमे बांधलेले, आणि हात कापू लागल्यावर मुलाकडे राहावयास आलेले.

मुलाचा चाकू नामांकित होता. ख्रिस रीव्ह ह्या दक्षिण आफ्रिकेत उमेदवारी केलेल्या कारागिराने अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थलांतर केल्यावर, 1990 च्या दशकाच्या आरंभी ‘सेबेन्झा’ नावाचा हा मिटणारा चाकू काढला. सेबेन्झा म्हणजे झुलू भाषेत ‘काम’. त्याची मूठ टायटेनियमची. मुठीचाच एक भाग चिरून त्याची स्प्रिंग केलेली असते. पाते उघडले की ती पात्याच्या मुळाशी येऊन बसते आणि पाते आपण होऊन मिटू शकत नाही. किंमत चारपाचशे डॉलरांच्या घरात. एवढे मोल देऊन घेतलेल्या ह्या ‘कामा’ला बेळ्ळंदुरात काम असे नव्हतेच. आलेली खोकी उघडणे, क्वचित एखादे सफरचंद चिरणे, एवढेच.

म्हणूनच की काय, त्याची निगा मात्र देवघरातल्या उपकरणांसारखी चाले. महिन्यातून एका रविवारी मुलगा आटे सैल करून चाकू पूर्ण उकले. पाते ज्या खिळीभोवती फिरते तिच्या दोन्ही अंगांना कांस्याच्या पातळ चकत्या असतात. त्या स्पिरिटने पुसून, वाळवून, तेलाचा एकच थेंब देऊन तो त्या परत बसवी. थेंब अधिक झाला तर धूळ धरते, कमी झाला तर पाते कुरकुरते. शेवटचा आटा आवळताना त्याचा श्वास रोखलेला असे. अंगठ्याच्या एका हलक्या रेट्याने पाते उघडावे, आणि उघडल्यावर केसभरही डुलू नये, ही त्या आवळण्याची परीक्षा.

पुढे त्याने चाकूला रंगही दिला. टायटेनियमला रंग फासावा लागत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात मूठ बुडवून, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून वीज सोडली, की धातूच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाश परतताना रंग दिसतो. सत्तावीस व्होल्टच्या आसपास तो निळा. साबणाच्या बुडबुड्यावर जे रंग खेळतात त्यांचेही कारण हेच. त्याच खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याने 2015 साली शहराच्या सांडपाण्याचा फेस रस्त्यावर लोटला होता आणि 2017 च्या फेब्रुवारीत तेथे आगही लागली होती. एकाच नियमाचे सौंदर्य मुठीवर शोभत होते आणि फेसावर भेडसावत होते.

वडिलांचा चाकू ह्या शेजारी अगदी दरिद्री दिसे. साध्या पोलादाचे पाते आंब्याच्या चिकाने काळवंडलेले, वर्षानुवर्षे निसण्यावर घासून निम्म्याने अरुंद झालेले, लाकडी मूठ एका बाजूला अंगठ्याच्या आकाराने झिजलेली, खीळ सैल. त्याला तेल म्हणजे खोबरेल. मुलाला तो चाकू पाहवेना. ज्या हातांना आता तो धरता येत नाही त्यांच्यासाठी आपण एवढे तरी करावे, असे वाटून एका रात्री त्याने तो उघडला, काळिमा घासून काढला, खीळ ठोकून घट्ट केली आणि कोन अचूक धरून ठेवणाऱ्या आपल्या यंत्रावर पात्याला दोन्ही बाजूंनी धार दिली. कागद हवेत धरून कापला तेव्हा आवाजही झाला नाही.

सकाळी वडिलांनी पाते नखावर टेकवून पाहिले, मग उलटे करून पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “चाकू बिघडला नाही हो. जात बदलली त्याची. आता फळं चिरायला ठीक.”

कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने असते. दुसरे अंग सपाट. दोन्ही अंगांनी धार दिलेले पाते काडीत शिरताना दोहोंकडे सरकू पाहते आणि काप किंचित फुगीर होतो. फुगीर कापावर काडी आणि रोप पुरती भिडत नाहीत. सालीखाली जो ओला जिवंत थर असतो तो थराला चिकटला तरच कलम धरते. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी काडी सुकते. म्हणजे कोकणातल्या बागांची पिढ्यांची उमेद त्या एका सपाट अंगावर उभी होती, आणि मुलाने प्रेमापोटी नेमके तेच पुसून टाकले होते. निगा राखणे आणि आपल्यासारखे करून घेणे ह्यांतील अंतर इतके थोडे असते.

ह्या प्रदेशाने पोलादाविषयी जगाला पुष्कळ शिकविले आहे. दक्षिण भारतात मुशीत शिजवलेल्या पोलादाला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत. तो शब्द कन्नडमधील ‘उक्कु’ ह्याचाच अपभ्रंश असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे 1795 साली त्यावर निबंध वाचला गेला, आणि पुढे मायकेल फॅरडे ह्याने जेम्स स्टोडार्ट ह्या चाकू-कारागिराबरोबर त्या पोलादावर प्रयोग केले. मराठीने तर अडकित्ता हा शब्दच कन्नडकडून उचलला. ‘अडके’ म्हणजे सुपारी. धारेच्या वस्तू आणि त्यांची नावे सरहद्दी ओलांडत आलेली आहेत. परंतु ती धार कशासाठी, हे ज्ञान वस्तूबरोबर आपोआप येत नाही. ते हाताकडून हाताकडेच जाते.

मुलाने यंत्र बाजूला ठेवले. वडिलांनी ट्रंकेतून निसणा काढून दिला. सपाट अंग दगडावर पूर्ण टेकवून, पाणी शिंपडत, दुसऱ्या बाजूची नवी धार नाहीशी होईपर्यंत घासायचे होते. चार संध्याकाळी लागल्या. वडील खुर्चीत बसून केवळ आवाज ऐकत, आणि पात्याची पाठ उचलली गेली की दुरूनच म्हणत, “टेकव.” पाते आणखी थोडे अरुंद झाले. ते नुकसान भरून येण्यासारखे नव्हते, आणि दोघांनीही तसे ढोंग केले नाही.

आषाढात गच्चीवरल्या कुंड्यांत कोयी रुजून तांबूस पाने फुटली. गावाहून येणाऱ्या एका नातलगाने पाने खुडलेल्या हापूसच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. कोयीवर कलम करण्याच्या ह्या पद्धतीचा कोकणात प्रसार होण्यात 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. वडिलांनी अशी कलमे दिवसाला शेकड्यांनी बांधलेली. आता ते बोटाने जागा दाखवीत होते, आणि बोट कापत होते. मुलाने रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला दोन्हीकडून पाचरीसारखा उतार दिला, ती चिरेत बसवली. प्लास्टिकची पट्टी कापण्यासाठी निळ्या मुठीचा चाकू उघडला गेला. त्या दिवशी त्यालाही त्याच्या नावाला साजेसे काम मिळाले.

पाच कलमे बांधली. तीन वाळली. दोहोंच्या डोळ्यांतून तीन आठवड्यांनी कोंब आले. वडिलांनी वाळलेली काडी उपटून तिचा काप मुलापुढे धरला. तो मध्ये किंचित फुगीर होता. मग दुसरी धरली. ती कमी फुगीर होती. तिसरीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता ती कुंडीत टाकली. चाकू पुसून, खोबरेल लावून मिटला, आणि ह्या वेळी तो ट्रंकेत न ठेवता निळ्या चाकूच्या शेजारी ठेवला.