म्हातारपणाचा विसर आणि आजाराचा विसर

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण हसत म्हणतो. पण कपाशीवर लाल्या आला तर 'पिकाचे वय झाले' म्हणून आपण सोडून देतो काय? कारण शोधतोच ना!

रिसोड तालुक्यात माझ्या ओळखीचे एक काका आहेत, सत्तरीपुढचे. सोयाबीनच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम, हे ते दरवर्षी गावातल्या पोरांना शिकवीत. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या सकाळी दोन्ही पाकिटे पुढ्यात घेऊन बसले आणि पहिले कोणते ते सुचेना. पुढे त्यांनी काकूंवरच पैसे चोरल्याचा आळ घेतला. पैसे सापडले तिफणीच्या चाड्यात! काकू रडत म्हणाल्या, "साहेब, हे असे नव्हते जी."

बैलजोडी कितीला घेतली हे विसरले तर चालायचे. पण ती घेतलीच नाही म्हणू लागले, तासाभरात तोच प्रश्न चारदा विचारू लागले, रोजच्या पांदणीत वाट चुकले, काट्यावरचा हिशेब जमेना, बोलता माणूस गप्प झाला, तर लक्ष द्या. बहुधा हे त्यांच्या आधी घरच्यांनाच दिसते.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या शंभरांत साधारण सात जणांना हा स्मृतिभ्रंश आढळला. शहरापेक्षा खेड्यात अधिक. मात्र प्रत्येक विसर म्हणजे तोच आजार नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी, एखादे चालू औषध यांनीही असे होते आणि उपचाराने बरेच सुधारते. म्हणून भगताकडे न जाता डॉक्टरांकडे रक्त तपासून घ्या. अल्झायमर निघाला तर तो पुरता बरा होत नाही, पण औषधाने काही काळ आधार मिळतो. 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. एक-दोन दिवसांतच माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, पक्षाघात किंवा फवारणीची विषबाधाही असू शकते.

शेताचे कागद, बँकेचे व्यवहार त्यांना समजते आहे तोवर त्यांच्याच मर्जीने, सगळ्या भावंडांदेखत बोलून घ्या. नंतर अंगठा घ्यायला येणारे पुष्कळ असतात, आणि ते नेहमी परकेच असतात असे नाही.

चारचौघांत "आत्ताच तर सांगितले!" म्हणून खेकसू नका. ते मुद्दाम करीत नाहीत. गुरांना पाणी पाजणे, शेंगा फोडणे अशी हातची कामे त्यांच्याकडेच राहू द्या. फवारणीचे औषध तेवढे कुलपात ठेवा. आणि त्या कुलपाची किल्ली त्यांच्या करदोड्याला नको.