पाच मिनिटं नुसतं पडून

"पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं? मग त्यात योग तो काय?"

हा बाबांचा प्रश्न. आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी माझाही हाच होता.

झालं असं, की चिंचवड ते चाकण रोजचा बसचा प्रवास आणि वर दिवसभर खुर्ची, यात माझी कंबर धरली. मोठ्या उत्साहाने एका क्लासला गेले. तिथे सगळंच भराभर. मी मुलखाची चढाओढवाली! शेजारणीपेक्षा खाली वाकायच्या नादात मांडीची शीर अशी ओढली गेली, की पंधरा दिवस जिना उतरताना देव आठवले. मग एका मैत्रिणीने यिन योगाबद्दल सांगितलं.

यिन हे नाव चिनी विचारातलं. यांग म्हणजे धावपळ, जोर. यिन म्हणजे निवांत, आतली बाजू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पॉली झिंक हे शिकवू लागले, पुढे पॉल ग्रिली यांनी ते सगळीकडे नेलं. एकेका आसनात साधारण ३ ते ५ मिनिटं राहायचं, तेही स्नायू सैल सोडून. सांध्यांभोवतीच्या चिवट ऊतींना सावकाश ताण मिळावा, ही त्यामागची कल्पना. जोर लावायचा नाही, वजन जमिनीला देऊन टाकायचं.

आपल्याला हे अगदीच परकं नाही हो. चिंचवड स्टेशनवरून लोकल एकीकडे पुण्याला जाते, दुसरीकडे लोणावळ्याला. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणं लावून तपासलं. पुण्यात १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार आले. लोड, घोंगड्या, पट्टे, लाकडी विटा यांचा आधार देऊन त्यांनी म्हाताऱ्या-आजारी माणसांनाही आसनात बराच वेळ निवांत राहायला शिकवलं. त्यांची शिस्त वेगळी, यिन वेगळं. पण उशीचा आधार घेण्यात कमीपणा नाही, हे मला त्यांच्यामुळेच पटलं.

तर बाबा. ३१ वर्षं लेथवर उभं राहून काम केलेला माणूस. गुडघे पार गेलेले. खाली बसता येत नाही म्हणून मोरया गोसावींच्या देवळात जाणंही सोडलं होतं. "नुसतं उभ्याने नमस्कार करून यायला मी काय पाहुणा आहे?" म्हणायचे.

डॉक्टरांना विचारलं आणि एका रात्री त्यांना माझ्या शेजारी दिवाणावर आडवं केलं. सुप्त बद्धकोनासन: तळव्याला तळवा, दोन्ही मांड्यांखाली उशा. दीड मिनिटात उठले. "अगं, गॅस बंद केलास का?" दुसऱ्या दिवशी दाराची कडी आठवली. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी फोन.

चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र टिकले. तिसऱ्या मिनिटाला छताकडे बघत म्हणाले, "मशीन बंद केल्यावर कान वाजतात ना, तसं वाटतंय."

मी गप्प.

"शेवटच्या दिवशी मी मशीन पुसून तेल घालून आलो होतो. उद्या कोण चालवणार, माहीत नव्हतं."

२००१ साली त्यांनी व्हीआरएस घेतली, तेव्हा मी बारावीत होते. 'कंटाळा आला, सोडली' एवढंच घरी सांगितलं होतं. त्यावरून मी किती बोलले असेन त्यांना! भांडणात एकदा तर 'स्वतःच्या हाताने नोकरी सोडलीत' असंही. त्या रात्री कळलं, की आज घेतली नाही तर उद्या तेवढे पैसेही मिळणार नाहीत, अशी भीती होती. आणि माझी इंजिनिअरिंगची फी समोर होती.

टायमर वाजला. आम्ही दोघंही उठलो नाही. मी एवढंच म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." ते म्हणाले, "उशी जरा वर घे."

गुडघे बरे झाले का? नाही. झीज आहे ती आहे, गोळ्या चालूच आहेत. पण सकाळी उठताना ताठरपणा कमी वाटतो म्हणतात. झोप बरी लागते. माझी कंबरही आता कुरकुर कमी करते. मला वाटतं, शरीराला घाई नसली की मनालाही बोलायला सवड मिळते.

कुणी करून बघणार असेल तर एवढंच सांगते: हलका ताण चालेल, पण सांध्यात कळ आली किंवा मुंग्या आल्या तर लगेच बाहेर यायचं. उठताना कुशीवर वळून, सावकाश. आणि ऑपरेशन वगैरे झालं असेल तर आधी डॉक्टर.

गेल्या संकष्टीला बाबा आपणहून म्हणाले, "चल, देवळात जाऊन येऊ." दर्शन झाल्यावर पवनेच्या घाटावर, जरा उंच पायरी बघून बसले. मांडी नाही, पाय सोडूनच. बराच वेळ गेला.

"वाजला का गं?" त्यांनी विचारलं.

टायमर मी लावलाच नव्हता.